ह्यूस्टनचा क्विल्ट फेस्टिव्हल: चार दिवस, तेवीस किलो आणि पुरेशी तयारी

अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात दर वर्षी इंटरनॅशनल क्विल्ट फेस्टिव्हल भरतो. क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून, आत भर घालून शिवलेलं, आपल्या गोधडीसारखं पांघरूण. जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरच्या अजस्र दालनांत एका बाजूला शेकडो क्विल्ट टांगलेले असतात, दुसऱ्या बाजूला कापड, दोरे, सुया आणि मशिनांचे शेकडो स्टॉल, आणि वरच्या मजल्यावर वर्ग चालू असतात. कोविडच्या आधी इथे पन्नास हजारांहून जास्त माणसं येत. एवढ्या पसाऱ्यात नुसतं "जाऊ आणि बघू" म्हणून गेलेली व्यक्ती दुपारी दोनपर्यंत दमते, बॅग भरून बसते आणि बक्षीस मिळालेले क्विल्ट बघायचे राहून जातात. इथे दोन गोष्टी मोजून खर्चायच्या असतात. पहिली म्हणजे प्रदर्शनाचे चार दिवस आणि दुसरी म्हणजे विमानातल्या बॅगेचे तेवीस किलो. पैशांचा नंबर त्यानंतर लागतो, आणि तो आपोआप संपतो.

तारखा आधी, तिकीट नंतर

हा फेस्टिव्हल बरीच वर्षं ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरत आला आहे. गुरुवार ते रविवार असे चार दिवस आणि बुधवारी संध्याकाळी आगाऊ दर्शन, अशी त्याची ठरलेली घडी. पण तारखा गृहीत धरू नका. २०२४ मध्ये तो ३१ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर होता, म्हणजे बरोबर दिवाळीत. २०२५ मध्ये तो ऑक्टोबरच्या पूर्वार्धात आला. पुढच्या वर्षीच्या तारखा आयोजकांच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नये, आणि त्या पाहताना शेजारी कालनिर्णय उघडं ठेवावं. लक्ष्मीपूजन प्रदर्शनाच्या दिवसांत येत असेल तर मुलीकडे किंवा सुनेकडे राहणाऱ्यांनी घरात आधीच बोलून घ्यावं. चार दिवस सकाळी नऊला घर सोडणारी आई आणि फराळाचा बेत एका घरात जमत नाहीत.

भारतातून जाणाऱ्यांनी व्हिसाचं काम सगळ्यात आधी घ्यावं. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळायला अनेक महिने लागू शकतात, त्यामुळे या वर्षी ठरवून याच वर्षी जाणं फक्त ज्यांच्या पासपोर्टवर आधीच व्हिसा आहे त्यांनाच जमतं. पर्यटक व्हिसावर असे एक-दोन दिवसांचे हौशी वर्ग करता येतात. ज्या शिक्षणातून पदवीचं श्रेय मिळतं ते चालत नाही. अर्जात आणि विमानतळावर "प्रदर्शन बघायला आणि मुलांना भेटायला" एवढं खरं उत्तर पुरतं. मात्र विकण्यासाठी दहा गोधड्या बॅगेत असतील तर तो व्यापार झाला आणि पर्यटक म्हणून गेलेल्याला तो करता येत नाही.

मुंबईहून ह्यूस्टनला थेट विमान नाही. दोहा, दुबई, इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात बदलून जावं लागतं. वेळेचा फरक साडेदहा तासांचा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली की साडेअकरा तासांचा. तो रविवार प्रदर्शनात येत असेल तर तुम्हाला एक तास झोप जास्त मिळते, पण ज्यांचं घड्याळ आपोआप बदलत नाही ते बंद दारासमोर तासभर उभे राहतात. शरीराला दिवस-रात्र जुळवायला निदान दोन दिवस द्या. प्रदर्शन गुरुवारी असेल तर सोमवारपर्यंत पोहोचा. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्ग घेतलात तर दुपारी तीनला, म्हणजे भारतातल्या मध्यरात्रीनंतर, फिरत्या पात्याचा कटर हातात असताना डोळे मिटतात. बोटं कापतात ती अशीच.

राहायचं कुठे

हिल्टन अमेरिकाज आणि मॅरियट मार्क्विस ही दोन हॉटेलं कन्व्हेन्शन सेंटरला झाकलेल्या पुलांनी जोडलेली आहेत. दुपारी खोलीवर येऊन पिशव्या टाकायच्या, पाय वर करून अर्धा तास पडायचं आणि परत जायचं, ही चैन तिथे मिळते, आणि साठीच्या पुढच्या माणसाला चार दिवस निभवायचे असतील तर ती चैन राहत नाही, गरज होते. पण या खोल्या सर्वांत आधी संपतात. आयोजक प्रदर्शनासाठी सवलतीच्या दरात खोल्या राखून ठेवतात आणि त्यांची नोंदणी कित्येक महिने आधी उघडते. त्या दिवशी बसूनच नोंदणी करावी. रद्द करण्याची मुदत मोठी असते, त्यामुळे आधी घ्यायची आणि मग विचार करायचा, हा क्रम इथे योग्य आहे.

हॉटेलचा जाहिरातीतला दर हा करांशिवायचा असतो. ह्यूस्टनमध्ये हॉटेलवर एकूण १७ टक्के कर लागतो, म्हणजे २०० डॉलरची खोली २३४ ला पडते. दोघी-तिघींनी मिळून घेतलेली खोली हाच त्यावरचा खरा उतारा. ऑक्टोबरच्या अखेरीस आणखी एक गोष्ट दर वाढवते. बेसबॉलचं मैदान इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे, आणि ह्यूस्टनचा संघ अंतिम फेरीत असला तर शहराच्या मध्यभागातल्या खोल्या आणि वाहनतळ दोन्हींचे भाव चढतात.

स्वस्त पर्याय म्हणजे मेट्रोरेलच्या लाल मार्गावर, टेक्सास मेडिकल सेंटरच्या परिसरात राहणं. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी तिथे बरीच हॉटेलं आहेत, काहींत छोटं स्वयंपाकघरही असतं. लाल मार्गाने शहराच्या मध्यभागी सेंट्रल स्टेशनला उतरून हिरव्या किंवा जांभळ्या मार्गाची गाडी घ्यायची आणि कन्व्हेन्शन डिस्ट्रिक्ट थांब्यावर उतरायचं. तिकीट सव्वा डॉलर, आणि ते एका दिशेने तीन तास चालतं, त्यामुळे गाडी बदलताना पुन्हा पैसे पडत नाहीत. संध्याकाळी जड पिशव्या घेऊन गाडी बदलायची असते, एवढं मात्र मनात ठेवा.

विमानतळ दोन आहेत. आंतरराष्ट्रीय विमानं उत्तरेच्या बुश विमानतळावर उतरतात आणि तो शहरापासून सुमारे ३७ किलोमीटरवर आहे. अमेरिकेतल्या दुसऱ्या शहरातून येणाऱ्यांनी दक्षिणेचा हॉबी विमानतळही बघावा. तो जवळपास एक तृतीयांश अंतरावर आहे. बुशवरून १०२ क्रमांकाची बस शहरात येते, स्वस्त आहे, पण तासाहून जास्त वेळ घेते आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन त्रासाची होते. येताना बस आणि जाताना, म्हणजे कापड भरल्यावर, टॅक्सी, असा हिशेब ठेवा.

वर्ग: एक पूर्ण दिवस पुरे

वर्ग प्रदर्शनाच्या आधीच्या दिवसांतच सुरू होतात आणि चारही दिवस चालतात. अर्ध्या दिवसाचे, पूर्ण दिवसाचे, दोन दिवसांचे, आणि नुसती व्याख्यानं. नोंदणी उन्हाळ्यात उघडते आणि नावाजलेल्या शिक्षकांचे वर्ग लगेच भरतात, म्हणून पहिल्या पसंतीबरोबर दुसरी आणि तिसरीही लिहून तयार ठेवा.

नवख्या माणसाची हमखास होणारी चूक म्हणजे चार दिवसांत चार वर्ग घेणं. पूर्ण दिवसाचा वर्ग म्हणजे सहा तास बसणं, आणि त्यानंतर दालन बघायला ना वेळ उरतो ना डोळे. एक पूर्ण दिवसाचा आणि एक अर्ध्या दिवसाचा, तोही शक्यतो बुधवारी किंवा आधी, एवढंच घ्या. निवडताना "हे घरी व्हिडिओ बघून जमेल का?" हा प्रश्न विचारा. सरळ चौकोन जोडणं जमेल. मशिनवर मुक्त हाताने टाके घालणं किंवा हाताने अगदी बारीक ॲप्लिक, म्हणजे कापडावर कापडाचे आकार शिवणं, मात्र शिकवणाऱ्याने शेजारी उभं राहून मनगट धरल्याशिवाय नीट येत नाही. पैसे तिथे घाला.

वर्गाच्या सामानाची यादी आधी मिळते. ती नीट वाचा. "मशिन दिलं जाईल" असं लिहिलं नसेल तर मशिन तुम्ही आणायचं असतं, आणि भारतातून ते नेणं अशक्य, म्हणून असे वर्ग गाळा. "किटचे पैसे शिक्षकाला वर्गात" असं असेल तर ते शुल्काव्यतिरिक्त असतात. कापड आधी धुऊन, इस्त्री करून, सांगितलेल्या मापाने कापून नेलंत तर वर्गातला पहिला तास वाचतो. मापं सगळी इंचात आणि शिवणीची जागा पाव इंच. आपला शिंपीही इंचातच बोलतो, त्यामुळे अवघड काही नाही, फक्त सेंटिमीटरची पट्टी घरी ठेवा. पाव इंचाऐवजी कोणी शिवणीला तीन अष्टमांश घेतले तर आठ तुकड्यांच्या ओळीत सात जोडांवर मिळून पावणेदोन इंच कमी पडतात आणि ओळ शेजारच्या ओळीशी जुळत नाही. बहुतेक वर्गांत रडकुंडीला आणणारी गोष्ट हीच असते.

पहिला दिवस क्विल्टचा

बुधवारची संध्याकाळ आणि गुरुवारची सकाळ, दोन्ही वेळा गर्दी दुकानांकडे धावते. तुम्ही उलट जा. गुरुवारी दार उघडताच थेट क्विल्टच्या बाजूला, आणि तिथेही आधी बक्षीसपात्र क्विल्टकडे. शनिवारी त्यांच्यासमोर तीन-चार रांगा उभ्या असतात आणि टाके दिसत नाहीत. गुरुवारी सकाळी दहा-साडेदहाला एखाद्या क्विल्टसमोर एकटं उभं राहता येतं. त्या दिवशी पाकीट बंद. एकदा खांद्याला पाच किलो लटकले की बघणं संपतं.

बघायची रीत अशी. आधी दहा-बारा फूट लांब उभं राहून सगळा आराखडा बघा, रंग कुठे गडद आहे आणि नजर कुठून कुठे जाते ते. मग जवळ जा, पण हात पाठीमागे ठेवा. कापडाला हात लावणं सक्त मना आहे, कारण हाताचं तेल कापडात मुरतं आणि हजारो हातांनी क्विल्ट काळा पडतो. पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक फिरत असतात. त्यांना विनंती केली तर ते कडा उचलून मागची बाजू दाखवतात. हे आवर्जून करा. समोरून देखणा वाटणारा क्विल्ट मागून बघितला की खरी कारागिरी कळते: दोऱ्याचा ताण सारखा आहे का, टाक्यांच्या सुरुवातीला आणि शेवटाला गाठी दिसतात का, अस्तराला सुरकुती आहे का.

परीक्षक काय बघतात ते कळलं की दालन वेगळं दिसू लागतं. कडेचा गोट आतून भरलेला हवा, म्हणजे बॅटिंग (क्विल्टच्या आतली भर) गोटाच्या टोकापर्यंत पोहोचलेलं हवं, पोकळ नको. चारही कोपरे काटकोनात आणि तिरप्या घडीने शिवलेले हवेत. टांगल्यावर खालची कड सरळ हवी. ती लाटेसारखी हलत असेल तर गोट लावताना कापड ताणलं गेलं किंवा मधे टाके दाट आणि कडेला विरळ पडले. हाताने केलेल्या कामात एका इंचात आठ ते बारा टाके उत्तम समजतात, पण आकड्यापेक्षा सारखेपणाला महत्त्व जास्त. आपल्या गोधडीचा धावदोरा यापेक्षा लांब असतो, कारण ती जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या थरांवर असते आणि रोज वापरायची, धुवायची असते. तिला इथल्या फूटपट्टीने कमी लेखायचं कारण नाही. उलट लांब, जाड दोऱ्याचे, मुद्दाम उठून दिसणारे टाके इथेही आता आवडीने घालतात, त्या क्विल्टसमोर घरच्या वाकळीची आठवण येणारच.

फोटो बहुतेक ठिकाणी काढू देतात, जिथे मनाई असते तिथे पाटी असते. फ्लॅश नको. क्रम ठरवून ठेवा: आधी नावाची पाटी, मग पूर्ण क्विल्ट, मग बारकावा. घरी आल्यावर तीनशे फोटोंत कुठला कोणाचा हे याच क्रमामुळे कळतं. स्टॉलवरच्या नमुन्यांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका. तो नमुना विकणं हेच त्या बाईचं पोट असतं.

दालनात टिकून राहणं

जमीन काँक्रीटची असते आणि पाय तिथेच जातात. महिनाभर वापरलेले जाड तळाचे बूट घाला, प्रवासासाठी घेतलेले नवे नकोत. बाहेर हवा उबदार असली तरी आत वातानुकूलन थंड असतं, म्हणून स्वेटर किंवा शाल हवी. बॅग आडव्या पट्ट्याची घ्या. पाठीवरची सॅक मागच्या माणसाला आणि टांगलेल्या क्विल्टला लागते. चाकांच्या पिशव्यांवर आणि बाबागाड्यांवर अशा प्रदर्शनांत बंधनं असतात, त्या वर्षीचा नियम संकेतस्थळावर वाचून मगच न्या. चालायला त्रास असेल तर चाकाच्या खुर्चीची किंवा बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची आगाऊ नोंदणी करा, तिथे गेल्यावर शिल्लक नसते.

आतलं खाणं महाग आणि शाकाहाऱ्यांसाठी कंटाळवाणं: पिझ्झाचा तुकडा, सॅलड, प्रेट्झेल. बाराला रांगा लांबतात, म्हणून अकराला किंवा दोनला खा. समोरच्या डिस्कव्हरी ग्रीन उद्यानाच्या पलीकडे फिनिशिया नावाचं मोठं दुकान आहे, तिथे हमस, फलाफल, ताज्या भाकऱ्या, सुका मेवा मिळतो आणि उद्यानातल्या बाकावर बसून खाता येतं. वरण-भाताची आठवण आलीच तर हिलक्रॉफ्ट रस्त्यावरचा महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट गाठावा लागतो. तो नैऋत्येला बराच लांब आहे, टॅक्सीनेच जायचं. स्वच्छतागृहांसाठी दालनाच्या मधल्या भागातली टाळा आणि टोकाची गाठा. येणाऱ्यांत नव्वद टक्के बायका असल्यासारखंच चित्र असतं, रांगेचा अंदाज त्यावरून बांधा.

बरोबर कोणी असेल तर भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा. गर्दीत फोन लागतोच असं नाही, आणि "मी निळ्या कापडांच्या स्टॉलजवळ आहे" या वाक्याला तिथे काही अर्थ नसतो. ओळींना आणि स्टॉलना क्रमांक असतात, ते सांगा. ज्या नवऱ्याला यात रस नाही त्याला ओढत आणू नका. प्रवेशिका वाचते आणि भांडणही.

कापडाचं वजन

खरेदीच्या यादीत डॉलरच्या शेजारी ग्रॅमचा रकाना करा. क्विल्टचं सुती कापड साधारण ४४ इंच पन्ह्याचं असतं आणि यार्डात, म्हणजे ९१ सेंटिमीटरमध्ये, मोजतात. असं एक यार्ड जवळपास १५० ग्रॅम भरतं. साडेसहा यार्ड झाले की एक किलो. फॅट क्वार्टर नावाने मिळणारा तुकडा १८ बाय २२ इंचांचा असतो, तो चाळीस ग्रॅमच्या आत. अडीच इंची चाळीस पट्ट्यांची गुंडाळी, जिला जेली रोल म्हणतात, ती साधारण चारशे ग्रॅम. पाच इंची चौकोनांची थप्पी शंभर ग्रॅम. नमुना म्हणून रंग हवे असतील तर थप्प्या घ्या. पूर्ण क्विल्ट करायचा असेल तर यार्डानेच घ्या, थप्पीत प्रत्येक कापड इतकं कमी असतं की आवडलेलं नेमकं पुरत नाही.

एका माणसाच्या पलंगासाठी ६० बाय ९० इंचांचा क्विल्ट धरा. वरच्या बाजूला पाच ते सहा यार्ड लागतात. अस्तराला नेहमीच्या पन्ह्याचं कापड घेतलं तर मध्ये जोड द्यावा लागतो आणि साडेपाच यार्ड जातात. तेच १०८ इंच पन्ह्याचं अस्तराचं कापड घेतलं तर दोन यार्डांत काम होतं, जोड नाही. गोटाला पाऊण यार्डाच्या आत. सगळं मिळून पावणेदोन किलोच्या आसपास. म्हणजे असे चार क्विल्ट झाले की सात किलो गेले, आणि बॅगेत कपडे, खाऊ, नातेवाइकांची फर्माइश अजून बाकी आहे. जाताना एक बॅग दुसरीच्या आत घालून नेणं हा जुना आणि उत्तम उपाय.

काय घ्यावं? जे आपल्याकडे सहज मिळत नाही ते: १०८ इंची अस्तर, हाताच्या क्विल्टिंगच्या आखूड सुया (नऊ आणि दहा नंबरच्या), चांगल्या प्रतीचा लांब तंतूचा सुती दोरा, चामड्याची किंवा धातूची अंगुस्ताना, निळीत रंगवलेली जपानी कापडं, हाताने रंगवलेली कापडं. हे सगळं हलकं. बॅटिंग हलकं असलं तरी जागा खातं. हवा काढायच्या पिशवीत दाबून आणता येतं, पण घरी आल्यावर लगेच उघडून दिवसभर पसरून ठेवा, नाहीतर घड्या तशाच राहतात.

काय घेऊ नये, याची यादी जास्त महत्त्वाची. बगरू आणि अजरखच्या ठशांची आपलीच कापडं तिथे हौसेने विकतात, किंमत बघून गंमत वाटेल, हात लावू नका. इस्त्री, दिवे आणि शिवणयंत्रं अमेरिकेच्या १२० व्होल्टची असतात. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात घातली तर इस्त्री जळते आणि मशिनची मोटर जाते. शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिकाची मशिनं सवलतीत विकतात तेव्हा मोह होतो, पण व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर जड असतो, दुरुस्तीची सोय आणि हमी तिकडेच राहते. तुमच्या शहरात त्या कंपनीचा दुरुस्तीवाला आहे का, आणि यंत्राच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का, या दोन्हींचं उत्तर हो असेल तरच पुढे बोला. कापड चिकटवायचे फवारे ज्वालाग्राही असतात, विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. कापायची मोठी मॅट बॅगेत मावत नाही आणि गुंडाळली की कायमची वाकते. बॅगेच्या आतलं माप घरीच घेऊन ठेवा आणि तळाशी सपाट बसेल तेवढीच घ्या. सहा बाय चोवीस इंचांची ॲक्रिलिकची पट्टी तिरकी बसते, दोन टॉवेलांमध्ये ठेवा.

रोटरी कटर, त्याची पाती आणि सगळ्या कात्र्या मोठ्या बॅगेत. अमेरिकेत छोटी कात्री हातातल्या सामानात चालते म्हणून परतीच्या वाटेवर बदलत्या विमानतळावरही चालेल असं नाही, आणि आवडती कात्री तपासणीच्या टोपलीत सोडून येणं जिवावर येतं. बॅटरीवर चालणारं काही असेल तर ते उलट, हातातल्या सामानात.

पाटीवरची किंमत ही आपल्या एमआरपीसारखी शेवटची नसते. ह्यूस्टनमध्ये त्यावर ८.२५ टक्के विक्रीकर लागतो. तेरा डॉलरचं यार्ड चौदाला पडतं. कार्ड सगळीकडे चालतं, पण भारतीय कार्डावर परकी चलनाचं शुल्क दर वेळी कापलं जातं, म्हणून फॉरेक्स कार्ड बरं. गुरुवारी दुपारनंतर वहीत फक्त स्टॉलचा क्रमांक, कापड आणि भाव लिहीत फिरा, आणि शुक्रवारी सकाळी विकत घ्या. एकुलतं एक, हाताने रंगवलेलं असं काही असेल तर ते लगेच घ्यावं, ते थांबत नाही. छापील कापडाचे तागे मात्र चार स्टॉलवर सापडतात. रविवारी भाव उतरतील या आशेवर राहू नका. काही स्टॉल सवलत देतात, पण चांगला माल तोवर संपलेला असतो आणि रविवारी प्रदर्शन लवकर गुंडाळतात.

सामान फारच झालं आणि मुलं अमेरिकेतच दुसऱ्या शहरात असतील तर टपाल खात्याचा ठरावीक दराचा खोका घ्या. त्यात वजनाप्रमाणे पैसे लागत नाहीत, आणि कापड दाबून बसतं, त्यामुळे हा सौदा क्विल्टवाल्यांच्या फायद्याचा ठरतो.

परतताना

अजून एक दिवस काढता आला तर ह्यूस्टनच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर ला ग्रेंज गावातलं टेक्सास क्विल्ट म्युझियम बघा. ते २०११ मध्ये सुरू झालं. ते सुरू करणाऱ्यांपैकी कॅरी ब्रेझनहन यांनीच हा फेस्टिव्हलही उभा केला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या दोन इमारतींत ते आहे, जुने क्विल्ट शांतपणे बघता येतात. अडचण अशी की ते सहसा गुरुवार ते शनिवार उघडं असतं, म्हणजे नेमकं प्रदर्शनाच्या दिवसांत. रविवारी प्रदर्शन संपवून सोमवारी तिथे गेलात तर कुलूप बघून याल. म्हणून एकतर शनिवारी गर्दीच्या दिवशी दालन सोडून तिकडे जा, जो खरं तर चांगलाच बेत आहे, किंवा पुढच्या गुरुवारपर्यंत मुक्काम ठेवा. तिथे जायला मोटारच सोयीची.

भारतात उतरताना सामानाची करमुक्त मर्यादा एकूण किमतीवर असते. निघण्याआधी त्या वेळची मर्यादा बघून घ्या आणि सगळ्या पावत्या एका लिफाफ्यात हातातल्या पिशवीत ठेवा. एकाच कापडाचे दहा-दहा यार्डांचे तागे दिसले की अधिकाऱ्याला ते विक्रीसाठी वाटतात, वेगवेगळे तुकडे असले तर प्रश्न कमी येतात. घरी आल्यावर गडद रंगाची कापडं, विशेषतः लाल आणि निळी, एकेक करून थंड पाण्यात भिजवून बघा. रंग सुटत असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं, ते कापण्याआधी आटलेलं बरं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत मात्र ठेवू नका, पावसाळ्यात आत ओल धरते आणि बुरशीचे ठिपके निघत नाहीत. जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटात ठेवा.